पावसाळी वेलभाज्यांवरील फळमाशी : औषध बदलताना गट पाहा

काकडी, कारली, दोडका, पडवळ मांडवावर चढले की जुलै-ऑगस्टमध्ये फळमाशीच्या तक्रारी सुरू होतात. कोवळ्या फळावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा चीक, मग फळ वाकडे होऊन सडते. दोन फवारण्यांनी माशी हटली नाही की दुकानातून नवी बाटली येते. ती घेण्याआधी तिच्यावरचे तांत्रिक नाव वाचा. त्यावरून औषधाचा गट कळतो, म्हणजे ते माशीच्या शरीरात कुठे काम करते ते.

औषधाने माशीत प्रतिकार नव्याने निर्माण होत नाही. हजारोंत एखादीच्या जनुकात औषधाला दाद न देणारा बदल आधीच असतो. बाकीच्या मेल्या की तिचीच प्रजा वाढते. मॅलॅथिऑनसारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधे माशीच्या नसांमधल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) जखडतात. आंब्यावरच्या फळमाशीत या विकराच्या जनुकातले बदल सापडले आहेत. विकराची घडण जराशी बदलते आणि औषध त्याला नीट चिकटत नाही. कार्बारिलसारखी (हे भारतात 2018 मध्ये बंद झाले) कार्बामेट औषधेही नेमकी तिथेच काम करतात. त्यामुळे मॅलॅथिऑन सोडून कार्बामेट गटातले औषध आणले तर फक्त बाटली बदलली.

प्रतिकाराचा दुसरा प्रकार विष पचवण्याचा. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या ड्रोसोफिलात 2002 साली त्याचे मूळ हाती लागले. एका जनुकाशेजारी डीएनएचा भटका तुकडा येऊन बसला होता, आणि त्यामुळे विष फोडणारे विकर भरमसाट बनत होते. ही चिलटे डीडीटीला दाद देत नाहीत, आणि अगदी वेगळ्या गटातल्या इमिडाक्लोप्रिडलाही कमीच देतात. म्हणून गट बदलणे गरजेचे असले तरी पुरेसे नाही.

स्पिनोसॅड हे कीटकनाशक माशीला खायला दिलेल्या आमिषात चांगले चालते, पण त्याच्यावरच भिस्त ठेवू नका. हवाईत वर्षानुवर्षे तेच वापरल्यावर वेलभाज्यांच्या फळमाशीत प्रतिकार नोंदला गेला. एक गट महिनाभर, म्हणजे साधारण माशीच्या एका पिढीपुरता वापरा. पुढच्या पिढीला दुसरा. मात्रा लेबलाप्रमाणेच घ्या. प्रतिकाराचे जनुक एकाच पालकाकडून आलेली माशी पुष्कळदा पूर्ण मात्रेला मरते, अर्ध्या मात्रेला जगते. लेबलावर आपले पीक छापलेले आहे का तेही बघा. जुन्या पत्रकांतले डायक्लोरव्हॉस तर 2020 अखेर बंद झाले.

खरा भर मात्र फवारणीबाहेर हवा. क्यू ल्यूरचे (वेलभाज्यांच्या नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे एकरी चार-पाच, फुले लागतानाच टांगा. मिथाइल युजेनॉलची वडी आंब्याच्या माशीसाठी असते. ती इथे टांगून उपयोग नाही. सापळ्यात फक्त नर येतात आणि उरलेले थोडे नरही बऱ्याच माद्यांना पुरतात, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. मादीला अंडी पोसायला प्रथिने लागतात, म्हणून प्रथिनयुक्त आमिष कामाचे. ते फळांवर न मारता पानांच्या खालच्या बाजूला ठिपक्यांनी द्या. माशी दिवसाचा बराच वेळ शेताबाहेरच्या झाडीत काढते. बांधावर मका असेल तर आमिष तिथेही द्या. जोराची सर आली की ते धुऊन जाते. औषध लागू पडत नाही असे वाटले तर आधी पावसाचा हिशेब करा.

डंख लागलेली आणि गळलेली फळे रोज गोळा करा. बांधावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, कारण अळी फळातून निघून मातीतच कोष करते. दीड-दोन फूट खोल पुरा आणि वरची माती दाबून घ्या. पुरायला जागा नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. अळ्या मरेपर्यंत पिशवी उघडू नका. शेजारच्या मांडवाखाली फळे कुजत पडली असतील तर त्यांच्याशीही बोलून घ्या. माशी बांध ओळखत नाही.