सावंतवाडीहून गोव्याच्या छोट्या ग्राउंडवर फुटबॉल बघायला जायचं असेल तर

आमच्याकडची पोरं गोव्यात मॅच बघायला जातात म्हणजे थेट मडगावचं फातोर्डा स्टेडियम, एफसी गोवा क्लबची मॅच. ते स्टेडियम भारीच आहे, 2017 चा अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कपसुद्धा तिथे झालाय. पण गोव्याचा फुटबॉल बघायचा असेल तर मी म्हणतो पहिली मॅच छोट्या ग्राउंडवरची बघा, जिथे तुम्ही लाइनपासून चार हातांवर उभे असता, कोच काय ओरडतोय ते कळतं आणि गोलकीपर डिफेन्सला कोकणीत झापतो ते पण ऐकू येतं. आपल्या मालवणीवाल्यांना त्यातलं बरंचसं समजतं, हा आपला मोठा फायदा.

सुरुवात म्हापशाच्या दुलेर स्टेडियमपासून करा. सावंतवाडीहून बाईकने बांदा, पत्रादेवी करून सरळ हायवे, पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. रेल्वेने यायचं तर थिवीला उतरायचं आणि तिथून बस किंवा रिक्षा. दुलेरला आर्टिफिशियल टर्फ आहे त्यामुळे पावसातही मॅच होतात, पण दुपारी ते टर्फ असं तापतं की बाजूला बसलेल्यालाही झळ लागते, पाणी घेऊनच जा. शुक्रवारी मॅच असेल तर एक लक्षात ठेवा, म्हापशाचा बाजार असतो आणि गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, अर्धा तास आधी पोचा आणि गाडी बाजारापासून लांब ठेवून चालत या.

काय बघायचं तर गोवा प्रोफेशनल लीग, म्हणजे गोव्यातल्या क्लबांची राज्याची लीग. राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकलेल्या धेंपोसारखे मोठे क्लब आणि एखाद्या गावाचं नाव लावून खेळणारे क्लब एकाच लीगमध्ये. मला स्वतःला मोठा विरुद्ध गाव अशीच मॅच आवडते, कारण गावच्या टीमबरोबर अख्खा वाडा आलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, निघायच्या दिवशी सकाळी मॅच नक्की आहे ना आणि कुठे आहे ते परत बघा!! मी एकदा दोन दिवस आधीचं वेळापत्रक धरून दक्षिण गोव्यात गेलो, ग्राउंडवर एक माणूस नाही, दोन गुरं चरतायत, मॅच दुसऱ्याच ग्राउंडवर हलवलेली. तेव्हापासून मी गोवा फुटबॉल असोसिएशनचं सोशल मीडिया बघतो, सकाळचा गोव्याचा पेपर बघतो आणि म्हापशातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन करतो, तिन्हीकडे जुळलं तरच गाडी काढतो. मॅच बहुतेक दुपारी पावणेचार-चारच्या आसपास सुरू होतात कारण सगळ्या ग्राउंडना लाइट नाहीत, उजेडातच संपवावी लागते. म्हणून बसायची जागा पश्चिमेच्या बाजूला धरा, ऊन पाठीवर येतं. समोर बसलात तर सेकंड हाफ कपाळावर हात धरूनच बघावा लागतो.

आता गावातल्या टुर्नामेंट, माझा सगळ्यात जीव इथे आहे. भात कापून झालं की शेतात गोलपोस्ट उभे राहतात, चुन्याने लाइन मारतात आणि मेरेवर बसून लोक बघतात. नाहीतर चर्चजवळचं मैदान, लाल माती, कडेला चिऱ्याची भिंत, बॉल भिंतीपलीकडे गेला की पोरं आणायला धावतात. तिकीट बहुतेक ठिकाणी नसतंच, पण लकी ड्रॉची कुपनं विकायला कोणी आलं तर एक-दोन घ्याच, टुर्नामेंटचा खर्च त्यातूनही निघतो आणि आपण त्यांच्या गावात फुकट बसलेलो असतो. जागा विचारून बसा, पुढच्या खुर्च्या बहुतेक गावातल्या म्हाताऱ्यांच्या असतात. त्यातल्याच एखाद्या अंकलच्या शेजारी जागा मिळाली तर मोबाईल खिशात ठेवा आणि ऐका. 1983-84 ला गोव्याने एकही गोल न खाता संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होता, ती गोष्ट मी अशाच एका शेतात ऐकली, आणि सांगणाऱ्याचा हात तेव्हा पण हवेत बॉल अडवत होता. उठताना ‘देव बरें करूं’ म्हणा, कोकणीत आभार असेच मानतात.

गावच्या मॅचला बाजू घेऊ नका असं मी सांगणार नाही, घ्या, मजा त्यातच आहे, पण रेफ्रीवर ओरडायचं काम गाववाल्यांना करू द्या. आणि खेळाडूंचे, पोरांचे फोटो काढताना विचारा.

म्हापशाजवळ शिवोली आहे तिथेही एक चक्कर मारा. गोव्यात फुटबॉल आला तो 1883 मध्ये, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत आणला असं सांगतात. दक्षिणेकडे वास्कोचं टिळक मैदान आहे, रेल्वे स्टेशनवरून चालत जाता येतं म्हणून ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना ते सोयीचं.

खाण्याचं म्हणाल तर मॅच संपल्यावर गाड्यावर रोस आमलेट, म्हणजे आमलेटवर गरम रस्सा, वरून कांदा, लिंबू, सोबत पाव. गावात असाल तर संध्याकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोळी घ्या, ती गोव्याची कोंड्याची पोळी हां, आपली चपाती नव्हे.

परतीचं आधी ठरवा. आतल्या गावांतून संध्याकाळनंतर बस कमी होतात, मग पायलट शोधावा लागतो म्हणजे पिवळी-काळी मोटारसायकल टॅक्सी, भाडं बसायच्या आधी ठरवा. स्वतःची बाईक असेल तर हेल्मेट आणि कागद जवळ हवेत, महाराष्ट्राची नंबर प्लेट बघून थांबवतात. आणि येताना बाटल्या आणू नका, बांद्याच्या बाजूला एक्साइजचं चेकिंग असतं, एका बाटलीपायी रात्र तिथे जाईल. मी म्हापशातून साडेसातला निघतो, पत्रादेवीच्या अलीकडे एक चहा होतो आणि नऊच्या आत घरी जेवायला.