आधी हॉलचा उजेड, मग फ्लॅश

फ्लॅश विकत घेऊन कपाटात ठेवून दिलेली माणसं मला नेहमी भेटतात. दोन-तीन समारंभांत वापरला, चेहरे पीठ फासल्यासारखे आले, मागे मिट्ट काळोख दिसला, आणि मग कुणीतरी सांगितलं, "फ्लॅशने फोटो खोटे येतात, नैसर्गिक प्रकाशातच काढ." असं सांगणाऱ्याने जुलैच्या संध्याकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, एका खिडकीच्या १० बाय १२ च्या खोलीत बारशाचे फोटो काढून दाखवावेत. मुंबईतले घरगुती समारंभ ट्यूबलाइटखाली होतात आणि कार्यालयांतले पिवळ्या दिव्यांखाली. इथे फ्लॅश यायलाच हवा.

मी १६ वर्षं दादर, गिरगाव, परळ या भागांत मुंजी, बारशी, डोहाळजेवणं आणि लग्नांचे फोटो काढते आहे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ म्हणजे काय आणि कॅमेरा एम मोडवर कसा न्यायचा, हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जाते.

१. सामान

डोकं वर, बाजूला आणि मागे वळणारा, ताकद हाताने बदलता येणारा एक फ्लॅश आणि चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलचे दोन संच, बस. फोर्टात बोरा बाजारात मिळेल. दुकानातच पूर्ण ताकदीवर दहा वेळा मारून बघा आणि पुन्हा भरायला किती वेळ घेतो ते मोजा. एक इशारा मात्र मनापासून देते: घरात सापडलेला फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यांतल्या काहींचं ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश पेटवताना कॅमेऱ्याला जोडलेल्या टोकावर येणारा दाब, २०० व्होल्टच्याही वर असतं आणि त्याने कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

२. दोन उजेड वेगळे करा

मी इथेच अडले होते, आणि शिकायला येणारे जवळजवळ सगळे इथेच अडतात. म्हणून सावकाश सांगते.

पहिल्याच वर्षी दादरच्या एका कार्यालयात मुंज होती. मला शिकवलेलं तसंच मी केलं: आयएसओ १००, एफ/८, शटर १/२००, फ्लॅश ऑटोवर. बटूचा चेहरा स्वच्छ आला, मातृभोजन नीट आलं, भिक्षावळही आली. आठ दिवसांनी बटूच्या आईने फोटो पाहिले आणि विचारलं, "ताई, आमच्या माई कुठे आहेत?" माई म्हणजे बटूची पणजी. गुहागरहून तिला खास आणली होती. भिक्षावळीच्या वेळी ती बटूच्या मागे खुर्चीवर बसलेली मला कॅमेऱ्यातून दिसत होती. फोटोत तिथे काळं होतं. मी तो भाग संगणकावर उजळून पाहिला, तर राखाडी ठिपके आणि नऊवारीच्या काठाची एक रेघ निघाली. तीस-चाळीस फोटोंत हेच. त्या बाईंना मी काय सांगणार होते? मुंज पुन्हा होत नाही.

झालं होतं असं. फ्लॅश लावून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकमेकांवर पडलेले दोन फोटो असतात. एक हॉलमधल्या दिव्यांचा, दुसरा फ्लॅशचा. फ्लॅश क्षणभरच पेटतो, कमी ताकदीवर तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. शटर १/२०० ला ठेवा नाहीतर १/२५ ला, तेवढ्यात तो येऊन गेलेला असतो. हॉलचे दिवे मात्र शटर उघडं असेपर्यंत आत येत राहतात. म्हणून शटरने हॉलचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशचा होत नाही. फ्लॅशची ताकद बदलली तर फक्त फ्लॅशचा होतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांनाही हलवतात. माझ्या त्या सेटिंगमध्ये हॉलचा फोटो जवळजवळ निघालाच नव्हता. माई हॉलच्या उजेडात बसल्या होत्या.

हे वाचून डोक्यात शिरत नाही, हाताने करावं लागतं. आज रात्री घरीच करा. कुणाला तरी भिंतीपासून दूर बसवा, मागे खोलीचा जास्तीत जास्त भाग दिसू द्या. फ्लॅश बंद. एफ/४, शटर १/१००, आयएसओ ८०० वर एक फोटो काढा. खोली डोळ्यांना दिसते त्यापेक्षा एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) काळपट येईपर्यंत आयएसओ खाली-वर करा. या वेळी चेहरा काळसर दिसेल, तो दिसू द्या. नवशिका इथेच घाबरून सगळं उजळ करत सुटतो. चेहऱ्याचं काम अजून सुरूच झालेलं नाही.

आता फ्लॅश चालू करा. मॅन्युअलवर, १/१६ ताकद, सध्या डोकं छताकडे. फोटो काढा आणि फक्त चेहरा बघा. कमी वाटला तर १/८, जास्त वाटला तर १/३२. खोलीच्या सेटिंगला हात लावू नका. चेहरा जमला की शटर १/२००, १/१००, १/५०, १/२५ असं बदलत चार फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड तोच राहील आणि मागची खोली विझलेलीपासून लख्ख होत जाईल. हे चार फोटो एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढचं सगळं सोपं आहे. पाहिले नाहीत, तर कितीही व्हिडिओ बघा, समारंभात हात थरथरणारच.

यात चार ठिकाणी माती खाल्ली जाते.

बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. त्यापुढे शटरचा पडदा एका वेळी पूर्ण उघडतच नाही आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. फ्लॅश बिघडला म्हणून दुकानात परत नेऊ नका.

उलट बाजूला १/३० च्या खाली गेलात आणि हॉल लख्ख असेल, तर हलणाऱ्या माणसाभोवती धूसर सावली येते. फ्लॅशने गोठवलेला चेहरा आणि हॉलच्या उजेडात हललेला चेहरा असे दोन्ही उमटतात. खोली एक-दीड स्टॉप काळपट ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर लुकलुक दिसत नाही. १/२०० वर पट्टे येऊ लागले तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी हॉलच्या दिव्यांकडे बघा.

आणि शेवटचं, सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला: "आयएसओ १०० वरच ठेव, नाहीतर ग्रेन येतो." ग्रेन म्हणजे फोटोतले दाणे. आयएसओ १०० वरून १६०० वर गेलात की फ्लॅश १६ पट कमी लागतो. कमी लागला की लगेच भरतो. पूर्ण ताकदीवर मारत राहिलात, तर अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात नेमका तेव्हाच तो भरत असतो. मला थोडा ग्रेन असलेल्या, हवेत थांबलेल्या अक्षता हव्यात. कार्यालयात माझी सुरुवात आयएसओ १६००, एफ/३.५, शटर १/१००, फ्लॅश १/८ अशी असते. पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं मी फ्लॅश बंद ठेवून रिकाम्या हॉलचेच फोटो काढते.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने ठरवणं, वाईट नाही. वरातीत अंतर सारखं बदलतं तिथे मीही वापरते. पण पांढऱ्या सदऱ्यांचा घोळका समोर आला की तो फ्लॅश कमी करतो, काळ्या कोटावर वाढवतो. महिनाभर मॅन्युअलवर हात बसल्यावरच टीटीएलकडे जा, म्हणजे तो कुठे चुकतोय ते कळेल.

३. थेट तोंडावर मारू नका

उजेडाचा मऊपणा तो किती मोठ्या जागेवरून येतो त्यावर ठरतो. फ्लॅशची काच आगपेटीएवढी, पांढरी भिंत आठ फुटांची. म्हणून डोकं वळवून भिंतीवर मारा आणि तिथून परतलेला उजेड चेहऱ्यावर घ्या. कॅरम खेळलेला असेल तर शिकवायला नको: स्ट्रायकर ज्या कोनात कडेला लागतो त्याच कोनात परततो. सरळ वर छतावर मारलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यापेक्षा तुमच्या मागे, थोडं वर आणि एका बाजूला मारा.

भिंतीचा रंग आधी बघा. चाळीतल्या पोपटी भिंतीवरून आलेला उजेड नवरीच्या गालावर पोपटीच पडतो, आणि तो नंतर नीट काढता येत नाही. पांढरी भिंत नसेल आणि छत उंच किंवा रंगीत दिव्यांचं असेल, तर भावाच्या नाहीतर मैत्रिणीच्या हातात दोन बाय तीन फुटांचा पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा) द्या. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. फ्लॅशवर बसवायची ती पांढरी प्लास्टिकची टोपी मोकळ्या जागेत काही कामाची नाही. ती उजेड चहूकडे फेकते, तो परतवायला आसपास भिंती असाव्या लागतात, आणि भिंती असतील तर टोपी कशाला?

बारशात बाळाच्या तोंडासमोर थेट फ्लॅश कधीच नको. बाळ दचकून रडतं आणि पुढचा अर्धा तास जातो.

४. रंग जुळवा

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा राणीचा हार हरवला म्हणून लोक हळहळले होते. उजेडाचा रंग बदलला की जागाच बदलते, हे मुंबईकरांना त्या वेळी कुणी शिकवावं लागलं नाही. फोटोतही तेच होतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, हॅलोजनचा ३२०० च्या आसपासचा. दोन्ही मिसळले की चेहरा पांढराफटक आणि मागचा मंडप गडद नारिंगी. फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा) लावा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगाची सेटिंग, ३२०० ते ३८०० मध्ये ठेवा, दोन्ही एका घरचे दिसतील. जेल थोडी ताकद खाते, ती वाढवून घ्या. स्टेजवरचे जांभळे-निळे एलईडी नवरानवरीच्या तोंडावर असतील तर त्यावर कुठलीच जेल चालत नाही. लाइटवाल्या दादांना गाठून तेवढे विधीपुरते बंद करायला सांगा. नीट सांगितलं तर ऐकतात.

व्हिडिओवाल्यांशीही सुरुवातीलाच बोला. त्यांचा एलईडी सतत चालू असतो, तो हॉलच्या उजेडात धरायचा. पांढरा लावणार की पिवळा, आणि कुठल्या बाजूने, एवढं विचारून घ्या.

५. ग्रुप फोटो

अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड पाव होतो. पुढची रांग ४ फुटांवर आणि मागची ८ फुटांवर असेल, तर पुढच्या मावशी जळतात आणि मागचे काका बुडतात. सहा फूट मागे या. १० आणि १४ फुटांत फरक फक्त दुपटीचा राहतो.

६. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवणं

वायरलेस ट्रिगर, तीन फुटांची पांढरी छत्री, माणसाच्या एका बाजूला ४५ अंशांवर, चौकटीत येणार नाही इतकी जवळ. स्टँडच्या पायाला पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या बांधा. वरळी सीफेसला वाऱ्याने छत्री गेली, तर फ्लॅशही तिच्याबरोबर जातो.

७. दिवाळीत कंदिलाखाली

वरचं सगळं एका फोटोत तपासायचं असेल तर आकाशकंदिलाखाली आईला उभं करा. दिवाळीत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहा ते साडेसहा आकाश गडद निळं असतं, तेवढ्यात उरका. आधी फ्लॅश बंद ठेवून कंदील जमवा: कागदावरची नक्षी दिसली पाहिजे, आतला बल्ब पांढरा फुटता कामा नये, मागे निळं आकाश उरलं पाहिजे. माझ्या गॅलरीत हे आयएसओ १६००, एफ/२.८, शटर १/६० च्या जवळपास येतं. मग नारिंगी जेल लावून फ्लॅश १/३२ वर, गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीकडे. चेहऱ्यावरचा उजेड कंदिलातूनच आल्यासारखा दिसेपर्यंत ताकद कमी करत जा. बहुतेक वेळा १/६४ पुरतो. आकाश काळं पडायला लागलं की शटर एकेक पायरी खाली न्या, ताकद तीच राहू द्या. कंदील वाऱ्याने फिरत असेल तर थांबा, झिरमिळ्या हलायच्या थांबल्या की दाबा.