ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका: माशांच्या 'व्हाइट स्पॉट'वर घरी करायचा उपचार

थंडी पडली की साताऱ्यात माझ्याकडे माशांच्या चौकशा वाढतात. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहे. तिथली माशांची टाकी बरीच वर्षं मीच सांभाळते, त्यामुळे कॉलनीतल्या मुलांना मासा आजारी पडला की मीच आठवते. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "काकू, माशाच्या अंगावर रवा सांडल्यासारखं दिसतंय." त्यावर दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणलेली असते, दोन दिवस थेंब टाकलेले असतात, ठिपके गेलेले असतात, आणि आठवड्याने ते दुपटीने परत आलेले असतात.

ते परत का येतात हे कळलं की उपचार आपोआप समजतो, म्हणून आधी तेवढं सांगते.

हे ठिपके म्हणजे बुरशी नाही आणि मळही नाही. तो एक एकपेशीय परजीवी आहे, इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. १८७६ साली फुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. मत्स्यपालक त्याला नुसतं 'इक' म्हणतात. प्रत्येक ठिपक्यात एक परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून पेशी खात मोठा होत असतो. तो पार एक मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून तर नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेत मी माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. एक गोल, करडा, दाणेदार गोळा स्वतःभोवती सावकाश गिरक्या घेताना दिसतो. अंगभर बारीक तंतू सतत हलत असतात आणि आत नालाकृती केंद्रक स्पष्ट दिसतं. एकदा पाहिलं की ते केंद्रक पुन्हा ओळखायला चुकत नाही.

पूर्ण वाढला की हा गोळा माशाला सोडतो, तळाच्या खडीवर, काचेवर, झाडाच्या पानावर चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करतो. त्या कवचात त्याचे भाग होत जातात, शेकडो, कधी हजाराच्याही वर. मग कवच फुटतं आणि ती पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मिळाला तर कातडीत घुसतात आणि पुन्हा ठिपका तयार होतो.

आता मुद्द्याचं. कातडीखाली बसलेल्या परजीवीपर्यंत आपण पाण्यात टाकलेलं औषध पोहोचत नाही. कवचात असलेल्यापर्यंतही नाही. औषध असो की मीठ, मरतात ती फक्त पोहणारी पिल्लं, आणि ती आपल्याला दिसत नाहीत. दोन दिवसांत ठिपके गेले तेव्हा परजीवी मेलेले नसतात, पिकून तळाला गेलेले असतात. तिथे त्यांची संख्या वाढत असते आणि नेमकं तेव्हाच माणसं औषध बंद करतात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण चार ते सात दिवसांत पूर्ण होतं. पाणी १० अंशांजवळ गेलं तर महिनाभर चालतं. म्हणजे गार पाण्यात तुम्ही कितीही औषध घातलं तरी पिल्लं बाहेर यायची वाट पाहत बसावं लागतं. पाणी उबदार करायचं ते एवढ्यासाठी.

आधी खात्री करा

टाकीचा दिवा बंद करून बाजूने टॉर्च मारा. पर आणि शेपटीवर वेगवेगळे, किंचित उठावदार, साधारण सारख्या आकाराचे पांढरे कण दिसले तर तो इक. सोनेरी धुरळा उडाल्यासारखं दिसलं तर तो 'व्हेल्वेट' नावाचा वेगळा परजीवी, आणि कापसासारखे पुंजके दिसले तर बुरशी. गोल्डफिशच्या बाबतीत एक सावधगिरी. नर वयात आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे टिंब येतात. ते एका ओळीत, ठरावीक जागीच असतात आणि मासा मजेत खातपीत असतो. त्याला औषधाची काही गरज नाही.

ठिपका दिसण्याआधी मासा सांगत असतो. खडीवर, फिल्टरच्या नळीवर अंग घासतो. पर मिटून घेतो, खाण्याकडे पाठ फिरवतो. कधी परजीवी फक्त कल्ल्यांत असतो. अंगावर एकही ठिपका नसतो, पण मासा वर येऊन तोंडाने भराभर श्वास घेत असतो. हा प्रकार सगळ्यांत वाईट, कारण माशाचा जीव कल्ल्यांवर असतो. त्याच टाकीत दुसऱ्या एखाद्या माशावर दोन ठिपके दिसले तरी पुरे, उपचार सुरू करा. आणि उपचार सगळ्या टाकीचा करायचा. एक मासा उचलून बरणीत ठेवला तरी उरलेल्या टाकीत पिल्लं पोहतच असतात.

पाणी मोजा

सगळे डोस लिटरवर असतात आणि आपण टाकी फुटात विकत घेतो. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटरच्या थोडी वर भरते. पण खालची खडी आणि वरची मोकळी जागा धरता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपासच असतं. डोस या ४५ वर काढायचा. जास्त औषधाने मासे गेलेत अशा अनेक टाक्यांमध्ये हा फरकच धरलेला नव्हता.

मीठ आणि ऊब: माझी पहिली पसंती

गोड्या पाण्यातल्या माशांसाठी मी आधी मीठच वापरते. साधं खडेमीठ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. लिटरला २ ग्रॅम या हिशोबाने ४५ लिटरला ९० ग्रॅम. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा, कारण खड्यांच्या आकाराप्रमाणे चमच्यातलं वजन बदलतं. त्याचे ३०-३० ग्रॅमचे तीन भाग करा. एक भाग टाकीतल्याच पाण्यात मगमध्ये पूर्ण विरघळवा आणि हळूहळू ओता. बारा तासांनी दुसरा, आणखी बारा तासांनी तिसरा. सुके खडे सरळ टाकीत टाकू नका. तळाला बसलेला मासा त्यावर टेकला तर कातडी भाजते.

मॉली, गप्पी, गोल्डफिश लिटरला ३ ग्रॅमपर्यंत सहज सोसतात. लोच, कोरिडोरास यांसारख्या तळाशी वावरणाऱ्या माशांना मात्र १ ग्रॅमच्या वर जाऊ नका. टाकीत खरी झाडं असतील तर ती दुसऱ्या बादलीत हलवा. कबोम्बासारखी नाजूक झाडं मिठाने लगेच मान टाकतात.

मिठासोबत पाणी तापवायचं. हीटर लिटरला एक वॉट या बेताने घ्या, ४५ लिटरला ५० वॉट पुरतो. दिवसाला दोन अंशांहून जास्त वाढवू नका. एंजल, गोरामी, फायटर, मॉली यांच्यासाठी ३० अंशांपर्यंत न्या. बहुतेक इक तिथे वाढूच शकत नाही. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याच्यासाठी २६ वर थांबा आणि मिठावर भर द्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि या माशांचे कल्ले आधीच जखमी असतात, म्हणून हवेचा पंप दिवसरात्र चालू हवा. आमच्याकडे वीज जाते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवाच. थंडीत रात्री वीज गेली तर टाकीला बाहेरून जाडजूड पांघरूण गुंडाळा, वरची हवेची जागा मोकळी ठेवून.

रोज सकाळी तळ सायफन करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळेच टाळतात, पण माझ्या मते अर्धा उपचार इथेच होतो. कवचातले परजीवी खडीत असतात. खडीत नळी खुपसून १० ते १५ लिटर पाणी काढलंत तर त्यांच्यातले कितीतरी बादलीत येतात, फुटायच्या आधीच. सायफन करण्यापूर्वी हीटरचं बटण बंद करून पंधरा मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते. नवीन पाणी नळाचं असेल तर क्लोरीन घालवणारे थेंब आधी बादलीत टाका आणि हाताला टाकीइतकंच कोमट लागेल असं करून ओता.

मिठाचा हिशोब इथे चुकतो, तो नीट लक्षात घ्या. १५ लिटर पाणी काढलं तर नव्या १५ लिटरपुरतंच, म्हणजे ३० ग्रॅम मीठ परत घालायचं. वाफ होऊन पाणी कमी झालं असेल तर साधं पाणी भरा, मीठ घालायचं नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं.

औषध कधी

तीन-चार दिवसांत ठिपके वाढतच असतील, किंवा मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर औषधाकडे वळा. मॅलेकाइट ग्रीन असलेलं औषध इकवर चांगलं काम करतं. नुसतं मिथिलीन ब्लू, म्हणजे सगळीकडे मिळणारं ते निळं औषध, त्यामानाने बरंच कमकुवत आहे आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून मगच घ्या. नाव नसलेल्या बाटलीतलं रंगीत पाणी घेऊ नका. फॉर्मॅलिन घरात आणूच नका. त्याची वाफ माणसाच्याही फुप्फुसांना वाईट.

मॅलेकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. कॅन्सरच्या शंकेमुळे खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत त्यावर बंदी आहे. शेततळ्यातल्या रोहू-कटल्यावर ते कधीही वापरू नका. डोस बाटलीवर लिहिलेलाच, पण वर काढलेल्या खऱ्या लिटरवर. खवले नसलेल्या माशांना आणि टेट्रांना अर्धा. औषध घालण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो सगळं शोषून घेईल. टाकीचा दिवा बंद ठेवा, कारण उजेडात हे औषध लवकर निकामी होतं. औषध चालू असताना पाणी २७-२८ अंशांच्या वर नको. गोगलगायी आणि झिंगे असतील तर आधी बाहेर काढा. दर पुढच्या डोसआधी चौथा हिस्सा पाणी बदला.

एक गोष्ट मनापासून सांगते. दुकानात चंदेरी 'शार्क' म्हणून जी पिल्लं विकतात ती बरेचदा पंगासियसची असतात. तळ्यांमध्ये खाण्यासाठी वाढवायचा हा मासा मीटरभराचा होतो. त्याला खवले नसतात, इक चटकन लागतो आणि औषध सोसत नाही. माझ्याकडे आलेल्या आजारी माशांत सगळ्यांत हाल मी त्याचेच पाहिले आहेत. दोन फुटी टाकीसाठी तो विकत घेऊ नका.

उपचार चालू असताना खायला दिवसाआड, चिमूटभर. उरलेलं लगेच काढा. फिल्टर चालूच ठेवा. त्याचा स्पंज धुवावा लागला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नको.

थांबायचं केव्हा

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. तिथून पुढे किमान आठवडाभर मीठ आणि ऊब तशीच चालू ठेवा. एकूण उपचार दहा ते चौदा दिवसांचा धरा, गोल्डफिशच्या गार टाकीत त्याहूनही जास्त. मग दिवसाला एक-दोन अंशांनी पाणी नेहमीच्या तापमानाला आणा. मीठ काढायला वेगळं काही करायचं नाही, पाणी बदलताना नवीन मीठ घालणं बंद करा. औषध वापरलं असेल तर आता कोळसा परत फिल्टरमध्ये ठेवा. जाळी, सायफनची नळी, बादली उन्हात खडखडीत वाळवा. कोरडेपणात हा परजीवी टिकत नाही. एकच जाळी दोन टाक्यांत फिरवणं मात्र कायमचं सोडा.

पुढच्या वेळी नवीन मासा आणाल तेव्हा तो थेट टाकीत सोडू नका. आपल्याकडचे बरेच मासे चेन्नईचं कोळत्तूर किंवा कोलकाता इथून पिशव्यांमध्ये प्रवास करून येतात. थकलेले, गारठलेले असतात आणि दुकानात एकाच टाकीत दहा ठिकाणचे एकत्र येतात. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, एक छोटा हीटर एवढं पुरतं. तीन आठवडे २५-२६ अंशांत तिथे ठेवा, रोज टॉर्चने बघा. दुकानातल्या टाकीतून झाडं आणलीत तर त्यांच्या पानांवरही कवचं असू शकतात. ती आठवडाभर मासे नसलेल्या बादलीत, खोलीच्या उबेला ठेवून मग लावा.