पोस्ट-डबस्टेपचा ट्रॅक फसतो कुठे? या चुका टाळा

दक्षिण लंडनमधील क्रॉयडनच्या परिसरात घडलेला डबस्टेप मिनिटाला साधारण 140 ठोक्यांचा होता आणि त्याची सारी मदार छातीत जाणवणाऱ्या बेसवर व ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेवर होती. 2010च्या आसपास जॉय ऑर्बिसन, माउंट किंबी, जेम्स ब्लेक या ब्रिटिश संगीतकारांनी या दोन्ही गोष्टी राखून त्यात आर अँड बीचे गळे, गराज या नृत्यसंगीताचा डुलता ठेका आणि पियानो आणला, तेव्हा त्या संगीताला पोस्ट-डबस्टेप हे नाव चिकटले. या बाजात नव्याने काम करणाऱ्यांचे ट्रॅक बहुधा एकाच गैरसमजामुळे फसतात: इफेक्ट लावला की या संगीतातला धूसरपणा आपोआप येतो, असे ते गृहीत धरतात.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे हेडफोनवर भरदार वाटणारा बेस मोबाइलवर गायब होतो. सब-बेसचा, म्हणजे सर्वांत खालच्या बेसचा, मूळ स्वर 55 हर्ट्झचा असेल, तर फोनचा इवलासा स्पीकर तो जवळजवळ वाजवूच शकत नाही. अशा वेळी बेसची पातळी वाढवली, तर फोनवर फरक पडत नाही आणि मोठ्या सिस्टिमवर मात्र सगळा ट्रॅक गढूळ होतो. त्याऐवजी बेसवर हलके सॅच्युरेशन (आवाजाची सौम्य विकृती) द्यावे, म्हणजे 110 आणि 165 हर्ट्झवर उपस्वर तयार होतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर ताडतो. साधारण 100 हर्ट्झखालचा भाग मोनोच (दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच) ठेवावा आणि रिव्हर्बकडे (पडसाद देणाऱ्या इफेक्टकडे) जाणाऱ्या आवाजातून 250 हर्ट्झखालचा भाग कापून टाकावा. एवढे करूनही बेस दबलेला वाटत असेल, तर दोष बेसचा नसून त्याच्या शेजाऱ्यांचा असतो. ब्लेकने गायलेल्या 'लिमिट टू युअर लव्ह'मध्ये सुरुवातीला फक्त गळा आणि पियानो आहे. म्हणूनच थरथरणारा सब-बेस येतो तेव्हा त्याला आडवे येणारे फारसे काही नसते.

ठेक्याच्या बाबतीत बेरियल या लंडनच्या संगीतनिर्मात्याचे नाव घेऊन बऱ्याच चुका केल्या जातात. ठोके रांगेत बसवणारा सिक्वेन्सर न वापरता साउंड फोर्ज या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लहरी डोळ्यांनी पाहून आपण ठोके मांडतो, असे त्याने सांगितले होते, आणि 2007च्या 'अनट्रू' या अल्बममधला अस्थिर ठेका ऐकताना ते पटतेही. त्यावरून ठोके जागेवर खेचणारे ग्रिड बंद करावे किंवा सारे ठोके यदृच्छया हलवणारे बटण दाबावे, असा अर्थ काढला जातो आणि मग ठेका डुलण्याऐवजी अडखळतो. 140च्या लयीत एक सोळांश (ठोक्याचा चौथा भाग) सुमारे 107 मिलिसेकंदांचा असतो. किक आणि स्नेअर हे ड्रमचे मुख्य ठोके जागेवर ठेवून हाय-हॅट व रिमशॉट 10 ते 20 मिलिसेकंद उशिरा आणावेत, आणि मुख्य म्हणजे तोच उशीर प्रत्येक आवर्तनात कायम ठेवावा, कारण कानाला डोलण्यासाठी पुनरावृत्ती लागते.

गळ्याचे तुकडे पाच-सहा अर्धस्वर वर चढवले की ते कार्टूनसारखे चिरके होतात. पिच बदलताना फॉर्मंट (आवाजाचा पोत ठरवणारा भाग) वेगळा सांभाळावा आणि बदलानंतर तो तुकडा ट्रॅकच्या स्वरात बसतो का, हे पियानोवर पडताळावे. आधी रिव्हर्ब देऊन तो आवाज रेकॉर्ड करावा आणि मग कापावा. रिव्हर्बची शेपटी मधेच तुटण्याचा जो परिणाम या संगीतात आढळतो, तो असा मिळवता येतो. ब्लेकच्या 'सीएमवायके'मध्ये केलिस आणि आलिया या गायिकांच्या गाण्यांतले तुकडे आहेत, पण ते पाहून कोणाचाही गळा उचलू नये: ध्वनिमुद्रण आणि मूळ गीत-संगीत यांचे हक्क वेगवेगळे असतात व परवानगी दोन्हींची लागते.

तबकडीची खरखर चार आवर्तनांच्या लूपवर ठेवली, तर तिची पुनरावृत्ती लगेच उघडी पडते. तिची लांबी ट्रॅकएवढी ठेवावी, आणि एकदा ती बंद करून ऐकावे. तिच्याविना ट्रॅक उघडाबोडका वाटत असेल, तर मूळ रचनेतच काहीतरी कमी आहे.

शेवटी लिमिटर, म्हणजे आवाजाची शिखरे दाबणारे साधन. स्पॉटिफाय ऐकवताना ट्रॅकची पातळी साधारण उणे 14 एलयूएफएसवर (जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणते, त्यामुळे ट्रॅक चेपून मोठा करण्याचा तिथे काही फायदा नसतो. उलट चेपल्यामुळे मोकळ्या जागांतली खरखर आणि रिव्हर्ब वर येऊन ठोक्यांच्या बरोबरीला पोहोचतात. लिमिटर तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबत असेल, तर त्याला हात न लावता मिक्समध्ये परत जाऊन किक आणि सब-बेस एकाच क्षणी कुठे आदळतात ते शोधावे.