आईवडिलांसाठी स्मार्ट वैद्यकीय उपकरण घेताना

दिवाळीच्या सवलतींत हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळे, ब्लूटूथवर चालणारी बीपी मशीन आणि दंडावर चिकटवायचे साखरेचे सेन्सर असे सगळे एकाच ठिकाणी विकायला असते. गावी राहणाऱ्या आईवडिलांची काळजी वाटणारी मुले त्यांतले जे सर्वांत महाग, तेच सर्वांत उपयोगी असे समजून मागवून टाकतात. मीही एकदा तसेच केले होते आणि ते घड्याळ आज कपाटात पडून आहे. तेव्हापासून उपकरण निवडण्याआधी मी दोन प्रश्न कागदावर लिहून काढतो : हा आकडा रोज कोण पाहणार, आणि तो वाईट निघाला तर त्याच दिवशी काय करायचे? या दोन्हींचे उत्तर फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठरत नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी.

दुसरी पायरी म्हणजे खोक्यावरील लेबल वाचणे. भारतात 1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून, धोक्याच्या प्रमाणानुसार त्यांचे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग केलेले आहेत. रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर किंवा सेन्सर यांच्या लेबलवर उत्पादनाच्या अथवा आयातीच्या परवान्याचा क्रमांक असायला हवा. पुष्कळ मनगटी पट्ट्यांच्या माहितीपत्रकात मात्र ‘हे उपकरण वैद्यकीय वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्या एका ओळीने कंपनी स्वतःची सुटका करून घेते, हे लक्षात ठेवून अशा पट्टीवरच्या आकड्यावरून औषधाची गोळी कमी-जास्त करू नये.

बहुतेक घरांत पहिले उपकरण रक्तदाबाचे असावे असे माझे मत आहे, कारण त्याचा उपयोग सर्वाधिक आणि खर्च त्या मानाने कमी आहे. मनगटावरचे मशीन टाळून दंडावर पट्टा गुंडाळण्याचे घ्यावे. ही स्वयंचलित मशीन डॉक्टरांप्रमाणे स्टेथोस्कोपने आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातली हवा उतरत असताना नाडीमुळे तिच्यात उमटणारी थरथर टिपतात आणि तिच्यावरून वरचा व खालचा दाब गणिताने काढतात. हे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून त्या विशिष्ट मॉडेलची स्वतंत्र तपासणी झालेली आहे का, हे पाहणे ब्लूटूथ आहे का हे पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. युरोपातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर अशा तपासलेल्या मॉडेलांची यादी विनामूल्य पाहता येते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही मशीन चुकू शकतात, तेव्हा तसा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

पट्ट्याच्या मापाकडे कुणी बघत नाही. शिवणकामाच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजावा आणि तो पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरच्या मर्यादेत बसतो का ते पाहावे. लहान पट्टा दाब वाढवून दाखवतो. अमेरिकेत 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो अशांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा दाब सरासरी सुमारे 20 अंकांनी जास्त आला होता. एवढ्या फरकाने धडधाकट माणसाच्या मागे आयुष्यभराची गोळी लागू शकते.

आता मोजण्याची पद्धत. माझे वडील सदऱ्याची बाही वर सरकवून, दिवाणावर पाय लोंबकळत ठेवून आणि टीव्हीवरच्या बातम्यांवर टीका करत बीपी मोजत असत, आणि 158 आला की आईवर रागावत. त्यांना पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटे गप्प बसवले, पाय जमिनीवर टेकवले, बाहीतून हात पूर्ण बाहेर काढायला लावला, आणि हात टेबलावर उशी घेऊन छातीच्या पातळीला ठेवला, तेव्हा तोच आकडा 138 पर्यंत उतरला. मशीन तेच, माणूस तोच. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि चालणे टाळावे, लघवीला जाऊन यावे आणि मोजताना बोलू नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सात दिवस, सकाळी औषध घेण्याआधी आणि संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक असेल तर ती वाढलेली मानतात; दवाखान्यातली नेहमीची मर्यादा 140/90 असते. ॲपमधला रंगीत आलेख दाखवत बसण्यापेक्षा ही सरासरी एका कागदावर लिहून नेली, तर गर्दीच्या ओपीडीतही डॉक्टर ती नक्की वाचतात.

साखरेच्या सेन्सरची गोष्ट जरा वेगळी आहे. दंडावर बसणारा हा बिल्ला त्वचेखाली एक बारीक तंतू सोडतो आणि रक्तातली नव्हे, तर पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो. रक्तातला बदल तिथे पोहोचायला साधारण 5 ते 15 मिनिटे लागतात, त्यामुळे जेवणानंतर साखर झपाट्याने चढत असताना ग्लुकोमीटर आणि सेन्सर यांचे आकडे जुळले नाहीत तर त्यात बिघाड शोधू नये. आकड्याशेजारचा बाण वाचायला शिकावे, कारण स्थिर असलेला 110 आणि वेगाने खाली येणारा 110 यांचा अर्थ फार वेगळा असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना याचा मोठा फायदा होतो. केवळ पथ्यावर किंवा एखाद्या गोळीवर असलेल्या ज्येष्ठांना बारमाही सेन्सर लावण्याची गरज बहुधा पडत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद-दुसरा सेन्सर लावून कोणत्या जेवणाने काय होते ते पाहिले, तरी पुष्कळ कळते.

सेन्सर लावल्यावर पहिल्या 24 तासांतले आकडे जरा सैलपणे घ्यावेत. पुढेही चूक होऊ शकते. आमच्याकडे वडिलांना सेन्सर लावला, तेव्हा तिसऱ्याच रात्री दोन वाजता माझ्या फोनवर ‘साखर 52’ असा गजर झाला. मी पुण्यात, आईवडील कराडला. फोन केला तर वडील झोपेतून उठून शांतपणे ‘काय झालं रे?’ असे विचारत होते. आईने बोट टोचून पाहिले तर साखर 104 होती. वडील सेन्सरच्याच कुशीवर झोपले होते, आणि तिथल्या दाबामुळे सेन्सरभोवतीच्या द्रवाचे वहन मंदावून आकडा खोटा खाली गेला होता. म्हणून सेन्सर अशा हातावर लावावा ज्या कुशीवर झोपायची सवय नाही, आणि ग्लुकोमीटर व त्याच्या मुदत न संपलेल्या चाचणीपट्ट्या उशाशी असाव्यात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने काही सेन्सर चुकतात, हेही पत्रकात पाहून घ्यावे. मात्र घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा असेल तर सेन्सर काहीही म्हणो, लगेच बोट टोचावे. 70 पेक्षा कमी आढळल्यास 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर तपासणीसाठी न थांबता साखर द्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, सरळ 108 ला फोन करावा.

ऑक्सिमीटरबद्दल थोडक्यात. तो लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून ऑक्सिजनचा अंदाज करतो, त्यामुळे मेंदी, नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटे त्याला फसवतात. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो, हे 2020 च्या अखेरीस अमेरिकेतील अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. तेव्हा धाप लागलेली दिसत असताना ‘95 तर आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये.

ईसीजी काढणारे घड्याळ एकाच दिशेने हृदयाची विद्युत नोंद घेते आणि मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन नावाची ठोक्यांची अनियमितता ओळखते. हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत झालेल्या 4,19,297 जणांच्या अभ्यासात अनियमित नाडीची सूचना 0.52 टक्के लोकांना आली, आणि त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासणी केली, त्यांच्यातल्या 34 टक्क्यांत तो दोष त्या काळात आढळला. अर्थात ही अनियमितता येते-जाते, त्यामुळे तपासणीत न दिसणे म्हणजे सूचना खोटीच असे नाही. सूचना आली तर घड्याळाने काढलेल्या ईसीजीची पीडीएफ डॉक्टरांना पाठवावी. छातीत कळ आली तर घड्याळाकडे पाहत बसू नये.

उपकरण जोडताना खाते आईवडिलांच्याच नावाने उघडावे आणि मुलांना केवळ पाहण्याची परवानगी द्यावी. वडिलांनी परवानगी देण्याआधी, ‘रोज जिलेबी खाल्ली का ते तू मोजणार का?’ असे विचारले होते, आणि तो प्रश्न रास्त होता. ॲप संपर्कयादी किंवा ठिकाण मागत असेल तर नकार द्यावा, आणि गजर वाजल्यावर दहा मिनिटांत घरी पोहोचू शकेल अशा एका शेजाऱ्याचा क्रमांक कुटुंबातल्या सर्वांकडे असावा.

आता येऊ घातलेल्या गोष्टींविषयी. सुई न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळाची किंवा अंगठीची जाहिरात दिसली तर ती घेऊ नये. असे एकही उपकरण मान्यताप्राप्त नसल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. पट्ट्याशिवाय रक्तदाब मोजण्याचे तंत्र अजून घडते आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ॲपलच्या घड्याळातली सोयसुद्धा दाबाचा आकडा देत नाही, 30 दिवसांच्या नोंदींवरून उच्च रक्तदाबाची शक्यता तेवढी कळवते. सेन्सरचे वाचून स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करणारे पंप मात्र प्रत्यक्षात आले आहेत. अमेरिकेत पहिल्या अशा पंपाला 2016 मध्ये मान्यता मिळाली, आणि तरीही जेवणाचा हिशेब त्याला माणसानेच सांगावा लागत होता.

घेतलेले उपकरण चुकीचे आकडे देत असेल किंवा त्याने इजा झाली असेल, तर दुकानदाराशी वाद घालून थांबू नये. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते आणि सामान्य नागरिकही तिथे कळवू शकतो. त्यासाठी खोक्यावरचा बॅच क्रमांक लागतो, म्हणून खोके रद्दीत देण्यापूर्वी त्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा.