पहाटेचा दीड तास: क्वालिटी विभागातून डेटाच्या कामाकडे

सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकरा वर्षं क्वालिटी विभागात होते. बोअर गेजने व्यास मोजायचा, कंट्रोल चार्टवर ठिपका मांडायचा, ठिपका मर्यादेबाहेर गेला की मशीन थांबवायला सांगायचं. डेटा सायन्स शिकायचं ठरवलं तेव्हा मुलगी तिसरीत होती, मुलगा अडीच वर्षांचा. घराचा हप्ता चालू होता, त्यामुळे नोकरी सोडून शिकणं शक्यच नव्हतं. तुमचंही असंच आहे असं धरून सांगते.

सुरुवात घरातून करा. ‘मला शिकायचंय, जरा मदत करा’ असं मोघम बोलून काही होत नाही. मी दोन आठवडे तसं करून पाहिलं. सगळं आवरून रात्री साडेदहाला बसायचे आणि पंधरा मिनिटांत डोळे मिटायचे. मग एका रविवारी मी, नवरा आणि सासूबाई बसलो आणि वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवारचे डबे नवऱ्याचे, आणि भाजी कुठली तेही त्यानंच ठरवायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. पोळ्या त्यानं लाटल्या, पण ‘आज काय करू?’ हे मलाच विचारलं, तर माझं डोकं स्वयंपाकघरातच अडकून राहतं. मंगळवारी-गुरुवारी डबे माझे, म्हणून आदल्या रात्रीच कणीक मळून फ्रीजमध्ये. धाकटा पहाटे उठला तर सासूबाई त्याला आपल्या कुशीत घ्यायच्या. माझी वेळ पावणेपाच ते सव्वासहा. शनिवार-रविवार मुलांचा, त्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही.

तासांचा हिशेब आधीच मांडा. दीड तास, पाच दिवस, म्हणजे आठवड्याला साडेसात तास. दीड वर्षाचे 78 आठवडे धरले तर 585 तास होतात. त्यातून तापाचे दिवस, दिवाळी, लग्नकार्यं, मुलीच्या परीक्षा वजा करा. माझ्या वहीत प्रत्यक्षात 430 तास भरले, आणि ते पुरले. लॅपटॉप मिटण्याआधी वहीत एक ओळ लिहायची: उद्या इथून सुरू. मुलाच्या आजारपणात आठ दिवस गेले तरी ती ओळ वाचली की पाच मिनिटांत हात चालायला लागतो.

पैशांबद्दल एवढंच सांगते, की शिकण्यासाठी कर्ज काढू नका. नोकरीची हमी देणाऱ्या एका संस्थेने माझ्या मैत्रिणीला फोनवरच कर्ज मंजूर करून दिलं. तिचे वर्ग दोन महिन्यांत सुटले, हप्ते मात्र सुरूच राहिले. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस आहे. तिच्यात डिप्लोमापाशी थांबायची सोय आहे, पण परीक्षेला केंद्रावर जावं लागतं. जुना लॅपटॉप चालतो, कारण गूगल कोलॅबमध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ब्राउझरमध्ये लिहायची, चालते ती गूगलच्या सर्व्हरवर.

आधी एसक्यूएल शिका, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. जॉइन (दोन तक्ते जोडणं), ग्रुप बाय (गटवार बेरीज-सरासरी) आणि विंडो फंक्शन (प्रत्येक ओळ तशीच ठेवून आजूबाजूच्या ओळींवर हिशेब) जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला मुलाखतीत सगळ्यात जास्त याच्यावरच विचारलं. मग संख्याशास्त्र, मग पायथनमधलं पांडाज, म्हणजे तक्त्यांवर काम करायचं साधन. डीप लर्निंग, म्हणजे न्यूरल नेटवर्कची मॉडेलं, पहिल्या वर्षी बाजूलाच ठेवा.

खरं शिकणं मात्र प्रकल्पात होतं, आणि तो आपल्या ओळखीच्या विषयावर हवा. सरावासाठी टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांची तयार यादी सगळेच घेतात. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, अंगणात कांदाचाळ, म्हणून मी लासलगावच्या कांद्याचे भाव घेतले आणि भावाचा अंदाज सांगणारं मॉडेल करायचं ठरवलं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, आवक, सगळं अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज मिळतं. पहिली चूक अशी, की लिलाव बंद असलेल्या दिवसांच्या रिकाम्या जागी मी शून्य भरलं. महिन्याची सरासरी कोसळली आणि मला वाटलं, भावच पडले! दुसरी चूक त्याहून मोठी. मॉडेलचे अंदाज तपासायला मी मधले मधले दिवस कसेही उचलले आणि बाकीचे त्याला शिकायला दिले, त्यामुळे बुधवारचा भाव सांगताना त्याला गुरुवारचा आधीच माहीत होता. निकाल इतका छान आला की मीच हुरळले. रोजच्या भावाचं काम असेल तर तारखेवर रेघ मारा: रेघेआधीचे दिवस शिकायला, रेघेनंतरचे तपासायला.

तसं केल्यावर 2023च्या डिसेंबरपासून अंदाज पार चुकायला लागले. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “निर्यातबंदी धरलीस का त्यात?” धरली नव्हती. ऑगस्ट 2023मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, 2024च्या मेमध्ये ती उठली. या तारखांचा वेगळा रकाना केला तेव्हा कुठे मागचे भाव समजायला लागले. पुढची बंदी कधी येईल हे मॉडेलला कळणार नाही, हेही अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं. आपल्या जुन्या जगात वडिलांसारखी माणसं असतात. त्यांना विचारत राहा.

पहिलं डेटाचं काम आपल्याच कंपनीत मागा. मी आमच्या साहेबांकडून वर्षभराच्या रिजेक्शनच्या नोंदी मागितल्या. पाळीनुसार, मशीननुसार मांडल्यावर दिसलं की दुसऱ्या पाळीतले बरेचसे खराब नग टूल बदलायच्या आधीच्या तासातले आहेत. टूल लवकर बदलायला लागले आणि ते नग कमी झाले. बायोडेटात कोर्सच्या प्रमाणपत्रांच्या वर मी हे लिहिलं.

अर्ज 52 केले, मुलाखती सहा झाल्या. पुण्याच्या ज्या कंपनीनं घेतलं, तिथे मी शून्य भरल्याची चूक स्वतःहून सांगितली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. पद डेटा अ‍ॅनालिस्टचं मिळालं, पगार पहिल्या वर्षी थोडा कमीच होता, म्हणून हातात सहा महिन्यांचा घरखर्च ठेवूनच राजीनामा दिला. काम घरून, महिन्यातून दोन दिवस पुण्याला. ते दोन दिवस सोमवार-बुधवारच मागून घेतले, कारण डबे तेव्हा नवऱ्याचेच असतात.