हेडलाइटचा हॅलोजन बल्ब निवडताना वॅटच्या आधी व्होल्ट पाहा

गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरच्या बाजूला रात्री गाडी चालवणाऱ्यांना उसाच्या ट्रॉलीची धास्ती वेगळी सांगावी लागत नाही. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच सरतात आणि कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असूनही, थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. मंदावलेल्या हेडलाइटचा डिपर, म्हणजे खाली वळवलेला झोत, एवढ्या लांब पोचत नाही, म्हणून जास्त उजेडाचा बल्ब शोधणे रास्तच आहे. मात्र दुकानात जाण्याआधी गाडीत आहे तो बल्ब त्याच्या पूर्ण ताकदीने पेटतो की नाही, हे तपासून घ्यावे.

त्यासाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. इंजिन चालू ठेवून आणि हेडलाइट लावून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे आणि मग बल्ब पेटता असतानाच त्याच्या होल्डरच्या मागच्या बाजूने तेच मोजावे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, तर त्याच्या कितीतरी पट वेगाने घटतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि होल्डरवर १२.४ व्होल्ट असतील, तर व्होल्टेज दहा टक्क्यांनीच कमी झालेले असते, पण उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरलेला असतो. कितीही महागडा बल्ब बसवला तरी ही तूट तो स्वतः भरून काढू शकत नाही. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला, तर आधी बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर आणि होल्डरच्या पिना खरवडून स्वच्छ कराव्यात. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींमधून फिरून येतो. अशा गाडीत रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवून घ्यावा. बॅटरीपासून फ्यूज घातलेली जाड वायर थेट बल्बपर्यंत जाते आणि मूळ वायरींकडे फक्त रिले चालू-बंद करण्याचे काम उरते. माझ्या जुन्या गाडीत एवढे केल्यावर त्याच बल्बचा उजेड इतका सुधारला की, घेऊन ठेवलेले नवे बल्ब काही महिने खोक्यातच राहिले.

काच पिवळी पडली असेल, तर तीही आधी घासून घ्यावी. प्लॅस्टिकची काच आधी हजार आणि मग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी वापरून घासावी, पॉलिश करावी आणि वरून अतिनील किरणे रोखणारा थर द्यावा. तो दिला नाही तर काच पुन्हा लवकरच पिवळी पडते. आतल्या रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडला असेल, तर मात्र दिवाच बदलावा लागतो.

आता बल्बकडे वळू. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांत एच४ जातीचा बल्ब असतो, ज्यात अप्परची, म्हणजे लांबवर जाणाऱ्या झोताची, ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची अशा दोन तारा एकाच काचेत असतात. खोक्यावर छापलेले ‘१०० टक्के जास्त’ किंवा ‘१३० टक्के जास्त’ हे आकडे एकूण उजेडाचे नसतात. नियमाने ठरवून दिलेल्या किमान पातळीच्या तुलनेत रस्त्यावरच्या ठरावीक ठिकाणी जास्तीत जास्त किती प्रकाश पडतो, ते सांगणारे ते आकडे असतात. फिलिप्स, ओसराम यांसारख्या कंपन्यांच्या अशा बल्बांत वॅट वाढवलेले नसतात, तर तार जास्त नेमकेपणाने बसवलेली असते आणि आतल्या वायूचे मिश्रण व दाब बदललेला असतो. त्यामुळे प्रकाश लांबवर एकवटतो, पण तार जास्त तापत असल्याने बल्बचे आयुष्य घटते. रोज दोन-तीन तास रात्री गाडी चालवणाऱ्याने हा हिशेब मनात धरूनच खरेदी करावी.

निळसर बल्ब मी तरी घेणार नाही. काचेवरचा निळा थर प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो. उजेड पांढराशुभ्र भासतो, पण रस्त्यावर तेवढा कमी पडतो. शंभर-नव्वद वॅटचे बल्बही टाळावेत. १०० वॅटच्या तारेला आठ अँपिअरहून जास्त करंट लागतो, तर मूळ ६० वॅटला पाचच लागतो. वाढलेल्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बसवण्याचा मोहही आवरावा, कारण तो रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेचा विचार करून घडवलेला असतो आणि चिपचा प्रकाश भलतीकडे उसळून समोरच्याचे डोळे दिपवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनात असे परस्पर बदल करण्याविषयीच आहे. बल्बच्या धातूच्या भागावर वर्तुळातला ई आणि त्यापुढचा आकडा कोरलेला आहे ना, हे पाहून घ्यावे. ई१ म्हणजे जर्मनीत आणि ई४ म्हणजे नेदरलँड्समध्ये मंजूर झालेला बल्ब.

बसवताना दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलावेत. काचेला बोट लावू नये; बोटाचा तेलकटपणा राहिला तर तेवढी जागा जास्त तापून काच फुटू शकते. चुकून स्पर्श झालाच, तर थंड काच स्पिरिटने पुसावी. धातूच्या चकतीचे तिन्ही कान खाचांमध्ये नीट बसल्याशिवाय क्लिप लावू नये, कारण तिरका बसलेला बल्ब कितीही उजेड देत असला तरी रस्ता दाखवत नाही.

शेवटी फोकस लावून घ्यावा. टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाला जागेवर बसवून आणि डॅशबोर्डवरचे हेडलाइट वर-खाली करणारे बटण शून्यावर ठेवून गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली यावी. डावीकडे ती थोडी वर चढते, उजवीकडे सपाट राहते, आणि आपण डाव्या बाजूने गाड्या चालवत असल्याने तेच बरोबर आहे. जुने बल्ब चालू स्थितीत असतील तर नव्या बल्बांच्या खोक्यात गुंडाळून गाडीतच ठेवावेत; घाटात बल्ब उडाला तर तेच कामी येतात.